बुडालेली जमीन कोणाची?

1. कायद्याचे दोन शब्द

समुद्राने एखाद्याची जमीन गिळली, तर मालकाकडे काय उरते? किनाऱ्याची धूप, वाढती समुद्रपातळी अशा बातम्या वाचणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडतो, आणि बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असते. कागद हातात आहे, मग जमीन त्याचीच. पाणी आज आले, उद्या ओसरेल. इंडोनेशियाच्या जावा बेटावर हे उत्तर लागू पडत नाही. तिथल्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याच्या कलम 27 मध्ये मालकी हक्क कधी संपतो याची छोटी यादी आहे. सरकारने जमीन काढून घेतली, मालकाने आपण होऊन सोडली, ओसाड टाकली किंवा परकीयाच्या हाती गेली, तर हक्क संपतो. या यादीच्या शेवटी आणखी एक कारण आहे: जमीन नष्ट झाली तर. 'तानाह मुस्नाह', म्हणजे नष्ट झालेली जमीन, हे दोन शब्द मध्य जावाच्या डेमाक जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर आज शाळकरी पोरांच्याही कानांवरून गेलेले असतात. सेमारांग या मोठ्या बंदराच्या पूर्वेला लागूनच डेमाकचा सायुंग तालुका आहे. तिथल्या बेडोनो आणि तिम्बुलस्लोको या गावांच्या पूर्वीच्या भातशेतांवर आता भरतीचे पाणी खेळते.

या प्रकरणात एकच मुद्दा सिद्ध करायचा आहे. किनाऱ्यावरच्या जावानी गावात जमीन ही आयती मिळालेली वस्तू नसते. ती माणसे घडवतात आणि दर हंगामाला राखतात. म्हणून गावाच्या लेखी मालकी कष्टाला चिकटलेली असते. कायदा मात्र जमिनीला नकाशावरचा स्थिर चौकोन मानतो आणि तो चौकोन हलला की हात वर करतो. जावाच्या किनाऱ्यावरची जमिनीची बहुतेक भांडणे या दोन समजुतींच्या मधल्या फटीत उगवलेली आहेत. हे पटण्यासाठी आधी गावात जमीन कोणकोणत्या तऱ्हेची असते ते पाहू, मग ती घडते कशी ते, आणि कागदाकडे त्यानंतर वळू.

2. एका गावातल्या चार जमिनी

जावानी गावात पहिली जमीन घराभोवतालच्या परसाची. तिला 'पकारंगान' म्हणतात. नारळ, केळी, पपई, चार कोंबड्या, कोपऱ्यात विहीर. दुसरी 'सावाह', म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत. तिसरी किनाऱ्यालगतची, निमखाऱ्या पाण्याची मासळीची तळी. त्यांना 'तंबाक' म्हणतात आणि या प्रकरणाची खरी नायिका तीच. चौथी जमीन कोणा एकाची नसते, ती गावाची असते. त्यातला एक भाग गावप्रमुखाला, चिटणीसाला आणि इतर गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिलेला असतो. त्याला 'बेंगकोक' म्हणतात. पद गेले की जमीनही गेली. 2014 च्या ग्राम कायद्याने या लोकांना ठरावीक मानधन मिळू लागले, तरी जावात बेंगकोक टिकून आहे. साहजिकच गावप्रमुखाच्या निवडणुकीत जो पैसा आणि जो जीव ओतला जातो, त्यामागे ही जमीनही असते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. जावाच्या रूढीत जमीन आणि जमिनीवरची वस्तू यांची मालकी वेगवेगळी असू शकते. माती एकाची, तिच्यावरचे नारळाचे झाड दुसऱ्याचे, आणि घर तिसऱ्याचे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जुनी लाकडी घरे खांब, तुळया आणि फळ्या खाचेत बसवून उभारलेली असतात. ती उलगडता येतात, विकता येतात, दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा उभी करता येतात. ज्याच्याकडे स्वतःची वीतभर जमीन नाही असे कुटुंब ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाच्या परसात आपले घर उभे करते आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहते. भाडे म्हणाल तर बहुधा नाही; पण मालकाच्या घरी कार्य निघाले, बांध फुटला, छप्पर शाकारायचे झाले, की या घरातले हात आधी हजर झाले पाहिजेत. राहण्याचा हक्क आणि राबण्याचे बंधन एकाच दोरीची दोन टोके आहेत.

ही दोरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत भातशेती सामाईक असे, आणि तिचे वाटे ठरावीक काळाने गावातल्या पात्र कुटुंबांत फिरत. पात्र कोण? तर जे घर राजाची, पुढे डच सरकारची वेठ भरते ते. रस्ता, कालवा, धरण, आणि 1830 नंतर व्हॅन डेन बॉश या गव्हर्नर जनरलने आणलेल्या सक्तीच्या लागवडीखालचा ऊस आणि नीळ, या सगळ्यासाठी माणसे गावाने पुरवायची असत. वेठ भरणाऱ्याला शेताचा वाटा, न भरणाऱ्याला नाही. ही व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही, पण जमिनीचा हक्क कामातून उगवतो ही समजूत तिने गावाच्या हाडीमाशी रुजवली. 1960 च्या कायद्याने ज्यांचे वाटे कायमचे ठरलेले होते त्यांना पूर्ण मालक केले. समजूत मात्र त्याने पुसली गेली नाही.

3. तळे बांधावे लागते

तंबाक जवळून पाहिले तर ही समजूत चटकन कळते. खाडीलगतचा चिखलाचा सपाट पट्टा निवडतात आणि चारी बाजूंनी चिखलाचाच बांध घालतात. बांधाच्या आतून कडेकडेने खोल चर खणतात. त्याची माती बांधाला जाते. मधला भाग उथळ, पसरट राहतो. एका बाजूला लाकडी उघाडी बसवतात. पावसाळा संपला की तळे आटवून मधल्या पसरट भागाला ऊन देतात, तळाला भेगा पडू लागतात, मग भरतीला उघाडी उचलून बोटभर पाणी आत घेतात. त्या पाण्यात तळावर शेवाळाची जाडसर साय धरते. तीच मासळीचे अन्न. त्यानंतर पाण्याची पातळी वाढवून 'बांडेंग' या चंदेरी माशाची बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्ले सोडतात आणि काही महिन्यांनी मोठी झालेली मासळी काढतात. उन्हात मासे चराच्या खोल पाण्यात विसावतात, चरायला मधल्या उथळ भागावर येतात. या माशाला काटे फार, म्हणून सेमारांग आणि जुवाना या शहरांनी तो वाफेच्या दाबाखाली काट्यांसकट मऊ शिजवून विकण्याचा धंदा उभा केला. जावात फिरणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत ती पाकिटे हमखास असतात.

या सगळ्यात निसर्गाने दिले काय? चिखल आणि भरती. बाकी बांध, चर, उघाडी, शेवाळाची साय, सगळे माणसाने केलेले. आणि केले म्हणून संपले असेही नाही. बांधाला खेकडे भोके पाडतात, लाटा पायथा खातात, पावसात माथा खचतो. राखण करणारा रोज बांधावरून चक्कर मारतो ती काही हौसेखातर नव्हे.

हे कष्ट किती, याचा एक छोटा हिशेब मांडू. समजा तळे 1 हेक्टरचे, चौरस आकाराचे आहे. मग प्रत्येक बाजू 100 मीटर, आणि बांधाची एकूण लांबी 400 मीटर. बांध सरासरी 2 मीटर रुंद धरू. आता समजा ही जमीन दर वर्षी 8 सेंटिमीटर खचते. सेमारांग-डेमाकच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी खचण्याचा वेग याच घरातला मोजला गेला आहे. बांधाचा माथा आहे त्या उंचीवर ठेवायचा तर दर वर्षी 400 गुणिले 2 गुणिले 0.08, म्हणजे 64 घनमीटर चिखल वर चढवावा लागेल. एक माणूस दिवसाला 2 घनमीटर चिखल उपसून बांधावर टाकतो असे मानले, तर फक्त होते तिथे राहण्यासाठी 32 दिवसांची मजुरी. तळाचा पसरट भागही खचतो, तो भरायचा म्हटले तर 800 घनमीटर. तेवढा चिखल कोणी आणत नाही; तळे खोल होत जाते, तळापर्यंत ऊन पोहोचत नाही, शेवाळाची साय धरत नाही. मासळी कमी, म्हणजे पैसा कमी, म्हणजे बांधाला मजूर कमी. एक दिवस मोठ्या भरतीला बांध फुटतो आणि शेजाऱ्याच्या तळ्याचा बांध समुद्राच्या थेट तोंडावर येतो. तळी अशी एकामागून एक जातात.

तळ्याची मालकी गावात कशी पाळली जाते तेही पाहण्यासारखे आहे. सोडलेली मासळी मालकाची, त्याबद्दल वाद नाही. पण भरतीच्या पाण्याबरोबर आपसूक आत आलेली रानटी कोळंबी बऱ्याच ठिकाणी राखणदाराच्या वाट्याला जाते, कारण रात्री उघाडीपाशी जाळे लावून जागतो तो. मालकाने तळे उपसून मासळी नेली की उरलेसुरले मासे, खेकडे, चिंबोऱ्या गावातली माणसे चिखलात हाताने चाचपून घेऊन जातात. तेव्हा कोणी त्यांना हाकलले, तर त्याच्याबद्दल गावात बरे बोलले जात नाही. मालकी आहे, पण ती सोललेल्या कांद्यासारखी थराथरांची आहे, आणि प्रत्येक थर कोणाच्या तरी कामाला बांधलेला आहे.

4. कागद कुठून आला

जावाच्या गावात पिढ्यान् पिढ्या जमिनीचा पुरावा म्हणून चालत आलेला कागद म्हणजे 'गिरिक', आणि गावकचेरीत ठेवलेली त्याची मूळ नोंदवही म्हणजे 'लेटर सी'. जुन्या वहीची पाने पिवळी पडलेली, शाई फिकटलेली, नावांवर काट मारून वर मुलाचे किंवा विकत घेणाऱ्याचे नाव. ही वही मुळात कराची. कोणाकडून किती सारा वसूल करायचा हे सरकारला कळावे म्हणून ती निघाली. जमीन कोणाची हे ठरवण्यासाठी नव्हे. खरी मालकी ठरवणारा दस्त, म्हणजे जमीन खात्याचे मोजणीसकट प्रमाणपत्र, गावातल्या बहुसंख्य लोकांनी काढलेच नव्हते, कारण त्याला पैसा लागे, खेटे घालावे लागत, आणि शेजारीपाजारी सगळे ओळखत असताना त्याची गरजही वाटत नसे. 2017 पासून सरकारने गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे द्यायची मोठी मोहीम सुरू केली. 2021 च्या सरकारी नियमाने तर जुन्या गिरिकसारख्या कागदांना पाच वर्षांची मुदत घातली. तेवढ्यात नोंदणी केली नाही तर पुरावा म्हणून त्यांना किंमत नाही.

कागदामागे गावाची साक्ष असते, तोवर कागद जुना असला तरी चालतो. साक्ष नसली, तर नवाकोरा कागदही काय करू शकतो, याचे उदाहरण 2025 च्या जानेवारीत साऱ्या इंडोनेशियाने पाहिले. जावाच्या वायव्य भागात, तांगेरांगच्या किनाऱ्यालगत समुद्रात 30 किलोमीटरहून लांब बांबूचे कुंपण उभे असल्याचे उघड झाले. पुढे कळले की त्या परिसरात समुद्रावरच बांधकाम हक्काची 263 आणि पूर्ण मालकीची 17 प्रमाणपत्रे देण्यात आली होती. इथे जमीन नव्हती, बांध नव्हता, राबणारे हात नव्हते, कागद तेवढे होते. आरडाओरडा झाल्यावर जमीन मंत्रालयाने त्यातली पुष्कळ प्रमाणपत्रे रद्द केली, आणि गावपातळीवरून निघालेल्या कागदांची फौजदारी चौकशी झाली. पाण्याखाली गेलेल्या खऱ्या शेताचा हक्क संपतो आणि कधी नसलेल्या शेताचे प्रमाणपत्र निघते, हे एकाच बेटावर घडू शकते. मालकी म्हणजे फक्त कागद असे मानले की हा विनोद अटळ आहे.

5. वाटण्या, आणि बायकांचे नाव

घरात जमीन कशी उतरते हा भाग थोडक्यात आटोपता येईल, पण टाळता येणार नाही. जावानी नाते आई आणि वडील दोघांकडून सारखेच मोजले जाते. बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. पण जावाच्या रूढीत मुलगा-मुलगी समसमान वाटणीही तितकीच चालते, आणि अनेक आईबाप हा पेच आपल्या हयातीतच वाटून देऊन सोडवतात. राहते घर बहुधा शेवटी आईवडिलांना सांभाळणाऱ्या अपत्याकडे जाते, मग तो मुलगा असो की मुलगी. इथेही कष्टालाच हक्क मिळतो. लग्नानंतर नवरा-बायकोने मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक, हे रूढीत होतेच. 1974 च्या विवाह कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. तळ्यासारखी वाटून चालणार नाही अशी वस्तू काही घरांत भावंडे पाळीपाळीने कसतात.

बायका मासळी विकतात, पैसा राखतात, सावकाराशी घासाघीस करतात, हे जावात सर्वमान्य आहे. त्या नवऱ्याबरोबर होडीतून समुद्रावर जातात हे मात्र सरकारी कागदाला बराच काळ दिसत नव्हते. ओळखपत्रावर त्यांचा व्यवसाय 'गृहिणी' लिहिलेला असे, आणि मच्छीमारांसाठीचा विमा किंवा मदत मागायला गेले की तोच शब्द आडवा येई. डेमाकमधल्या पुस्पिता बहारी या मच्छीमार स्त्रियांच्या संघटनेने तो बदलून घेण्यासाठी लढा दिला, आणि काही जणींच्या ओळखपत्रावर 'मच्छीमार' असे छापून आले. जमिनीच्या प्रश्नाशी याचा संबंध सरळ आहे: काम नोंदले गेले नाही तर त्या कामातून उगवणारा हक्कही नोंदला जात नाही.

6. समुद्र देतो तेव्हा

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र फक्त घेत नाही. नद्या डोंगरातून गाळ आणतात, आणि काही ठिकाणी किनारा पुढे सरकतो. डेमाक हे पंधराव्या-सोळाव्या शतकात सुलतानाचे बंदर होते. मुरिया डोंगर आणि जावा यांच्यामधली उथळ सामुद्रधुनी गाळाने भरत गेली आणि ते बंदर जमिनीत मागे राहिले. दक्षिण किनाऱ्यावर चिलाचापजवळचे सगारा अनाकान हे खारे सरोवर असेच गाळाने भरत चालले आहे. अशी नवी जमीन वर आली की रूढीप्रमाणे तिच्यावर पहिला हक्क लगतच्या जमीनवाल्याचा, किंवा जो तिवरे तोडून, बांध घालून ती कसण्याजोगी करेल त्याचा. कायद्याप्रमाणे मात्र ती सरकारच्या ताब्यात जाते. म्हणजे समुद्राने जमीन दिली तर सरकारची, आणि समुद्राने घेतली तर मालकाचा हक्क संपला, म्हणून तीही सरकारची. शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला तर दोन्ही वेळा वजाबाकीच.

दक्षिण किनाऱ्यावर, योग्यकर्ता प्रदेशातल्या कुलोन प्रोगोचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथे समुद्रालगत नुसती काळी लोहमिश्रित वाळू होती. वारा सुटला की ती गावावर उडे. 1980 च्या दशकापासून इथल्या शेतकऱ्यांनी त्या वाळूत शेणखत आणि माती मिसळली, वाऱ्याला अडवायला सुरूची झाडे लावली, काँक्रीटच्या कड्यांच्या उथळ विहिरी खणून त्या नळीने एकमेकींना जोडल्या, आणि वाळूत मिरची, कलिंगड आणि खरबूज पिकवले. मिरचीच्या हंगामात गावागावांत संध्याकाळी माल एकत्र करतात, व्यापारी आपला भाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात, पेटी उघडली की सर्वांत जास्त भाव देणाऱ्याला माल. मग लोहवाळूच्या खाणीचा प्रस्ताव आला. खाणवाल्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की ही जमीन पाकुआलाम या तिथल्या संस्थानाची, कारण 1918 च्या संस्थानी फर्मानाप्रमाणे जिच्यावर दुसऱ्याची मालकी सिद्ध होत नाही ती सगळी राजाची; आणि 2012 च्या योग्यकर्ता विशेष दर्जा कायद्याने संस्थानाला पुन्हा जमीनमालक म्हणून मान्यता दिली. शेतकऱ्यांनी 2006 पासून संघटना बांधून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: राजाकडे होती ती वाळू, शेत आम्ही केले.

7. दोन आक्षेप

या टप्प्यावर जाणता वाचक दोन आक्षेप घेईल, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की हे सगळे गावाचे फारच गोड चित्र झाले. गावात सगळे सारखे कधी होते? जमीन नसलेल्यांचे काय? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1963 मध्ये मांडले होते की जावाच्या शेतकऱ्यांनी वाढत्या लोकसंख्येला तोंड देताना गरिबीच आपसांत वाटून घेतली. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर सडकून टीका केली: वाटणी दिसते खरी, पण कोणाला काय मिळते ते जमीन कोणाकडे आहे यावरच ठरते. मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. पूर्वी भाताची कापणी तळहातात मावेल अशा छोट्या पात्याने, एकेक लोंबी खुडून होत असे, आणि गावातल्या कितीही बायका येऊन आपला वाटा कमावू शकत. 1970 च्या दशकात उभे पीकच दलालाला विकण्याची पद्धत फोफावली. दलाल स्वतःची मोजकी माणसे आणि विळे घेऊन येई. ज्या हक्काला कागद नव्हता, फक्त रीत होती, तो नाहीसा झाला. पण याने माझा मुद्दा कोलमडत नाही. कष्टातून येणारा हक्क गावात खरा होता, पण ज्याचे कष्ट नकोसे झाले त्याला तो वाचवू शकला नाही. म्हणून तो नोंदवायला हवा. तो नव्हताच असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. कष्टानेच मालकी मिळत असेल तर तिवरे तोडून तळी करणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे, आणि डेमाकच्या नाशाला तेच तर एक कारण आहे! हे खरे आहे. 1980 च्या दशकात टायगर कोळंबीला परदेशात भाव आला आणि उत्तर किनाऱ्यावर तिवरांचे पट्टे तोडून तळ्यांमागून तळी खणली गेली. पुढे रोगाने कोळंबी मेली, पण लाटा अडवणारी तिवरे परत आली नाहीत. पण कष्टाचा हक्क मान्य करणे म्हणजे वाटेल ते करण्याची मुभा देणे नव्हे. 1960 चा तोच कायदा प्रत्येक जमिनीच्या हक्काला सामाजिक कर्तव्य जोडतो. शिवाय किनारा परत घडवण्याचे कामही याच हातांनी केले आहे. 2015 पासून डेमाकमध्ये बांबू आणि फांद्यांचे सच्छिद्र बंधारे समुद्रात उभारून गाळ अडवण्याचा, त्यावर तिवरे पुन्हा धरू देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्यात गावकऱ्यांचे श्रम होते. ज्या पट्ट्यात जमीन फार वेगाने खचत होती, तिथे त्या बंधाऱ्यांनाही मर्यादा पडल्या. याचे कारण चिखलात नाही, चिखलाच्या खाली आहे.

8. 'निसर्ग' कोणी केला?

नष्ट झालेल्या जमिनीची सरकारी व्याख्या 2021 च्या नियमात अशी आहे: नैसर्गिक घटनेमुळे मूळ रूप बदललेली, ओळखता न येणारी आणि म्हणून नीट वापरता न येणारी जमीन. मालकाला ती पुन्हा भरून घेण्याची पहिली संधी आहे, ठरावीक मुदतीत आणि स्वतःच्या खर्चाने. ज्याच्या तळ्याचे उत्पन्न बुडाले त्याने समुद्र भरून काढायचा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. सेमारांग-डेमाक महामार्ग समुद्रातल्या बंधाऱ्यासकट बांधायचे ठरले तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. रस्ता जिथून जाणार ती बरीच जमीन पाण्याखाली, पण मालकांच्या हातात प्रमाणपत्रे. 2022 च्या राष्ट्राध्यक्षीय नियमाने अशा लोकांना काही रक्कम देण्याची सोय केली, मात्र भरपाई म्हणून नव्हे, दयेपोटी दिलेला निधी म्हणून. हक्क संपला आहे असे धरूनच ती सोय आहे.

आता व्याख्येतला 'नैसर्गिक' हा शब्द तपासू. जगभरात समुद्राची पातळी सध्या वर्षाला साधारण 4 ते 5 मिलिमीटरने वाढते. डेमाकच्या काही भागांत जमीन वर्षाला काही सेंटिमीटरने खाली जाते. म्हणजे गावाला बुडवण्यात समुद्राच्या चढण्यापेक्षा जमिनीच्या बसण्याचा वाटा कितीतरी पटींनी मोठा आहे. हा किनारा तरुण, पाणथळ गाळाचा. तो थोडाफार आपसूक दबतोच. पण त्याच्या खालच्या थरांतून कारखाने, वसाहती आणि घरे खोल विहिरींनी पाणी उपसतात, थर रिकामे होतात आणि वरचा गाळ दाबून बसतो. त्यात सेमारांगच्या बंदराची बांधकामे आणि भराव यांनी प्रवाह वळवले, सायुंगच्या किनाऱ्याची धूप वाढली. बेडोनोमधल्या काही वाड्या 1999 पासून हलवाव्या लागल्या. तिम्बुलस्लोकोत जे राहिले त्यांनी घरात लाकडी फळ्यांची उंच जमीन केली, ती पुन्हा बुडाली की पुन्हा उंचावली. दाराची चौकट आहे तिथेच राहिली, त्यामुळे आत जाताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. घराघरांत जाण्यासाठी लोकांनी स्वतःच लाकडी पूल बांधले, आणि कबरस्तानात भराव टाकून ते पाण्यावर ठेवले. या खटपटीला 'वापर' म्हणायचे नसेल, तर वापर कशाला म्हणायचे?

माझे मत असे आहे की पंपाने खचवलेल्या जमिनीला निसर्गाने नष्ट केलेली जमीन म्हणणे हा कायद्याचा नव्हे, हिशेबाचा घोटाळा आहे. ज्याने खालचे पाणी उपसले त्याच्या खात्यावर खर्च पडत नाही. ज्याने वरचा बांध राखला त्याचे खाते बंद होते. खचण्यामागे माणसाचा हात किती हे मोजता येते, आणि सेमारांगच्या पट्ट्यात ते वर्षानुवर्षे मोजले जात आहे. तेवढ्या प्रमाणात तरी तानाह मुस्नाहचे कलम लागू होऊ नये आणि मालकाला दयेऐवजी भरपाई मिळावी, एवढी दुरुस्ती 1960 च्या कायद्याला हात न लावता नियमांतूनही करता येईल.